घरचा ऊस

गवारेभाऊंनी माझ्या सगळ्यात आवडत्या सिनेमाला एक्केचाळिसावा नंबर दिला, त्या दिवसापासून मी त्यांच्याशी भांडत होते. त्यांना जाऊन आता दीड वर्ष होत आलं, आणि खरं सांगायचं तर माझा राग अजून गेलेला नाही. माणूस गेला की त्याचं सगळं पोटात घालायचं असतं म्हणतात. मला ते जमत नाही. एक्केचाळिसावा म्हणजे काय!

मुरलीधर गवारे आमच्या साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट होते. कारखाना नेवासा आणि शेवगाव यांच्या मधल्या पट्ट्यातला. मी कारखान्याच्या शाळेत शिक्षिका, आणि कॉलनीत आमची भिंतीला भिंत. उंच, किडकिडीत माणूस. शर्टाची वरची गुंडी कायम लावलेली आणि पायात कारखान्याचेच काळे बूट, मग लग्न असो की दहावा. मी त्यांना भाऊ म्हणायची, ते मला नुसतं ‘बाई’ म्हणायचे, आणि त्या ‘बाई’मध्ये अर्धा मान आणि अर्धी थट्टा असायची.

साखर कारखान्यात सगळं येऊन थांबतं ते उताऱ्यावर. शंभर किलो उसातून किती साखर हाती आली, तो आकडा म्हणजे उतारा. ऊस किती उंच वाढला, रस किती सुटला, याचं कौतुक शेतात. लॅबमध्ये फक्त शेवटी काय उरलं ते विचारतात. गवारेभाऊंनी हीच रीत सिनेमाला लावली होती.

नगरला किंवा शेवगावला सिनेमा बघून आले की त्या दिवशी ते त्याबद्दल एक अक्षर बोलत नसत. कसा होता म्हणून विचारलं तर हात हलवायचे. “आज काय इचारू नका बाई. रस लई गढूळ हाय.” दुसरा दिवसही तसाच जायचा. तिसऱ्या दिवशी सकाळी ते दाढी करायला अंगणात बसत. आरसा खिडकीच्या गजाला अडकवलेला. साबण लावता लावता त्या सिनेमातलं जे आपण होऊन आठवेल तेवढी साखर, बाकी सगळं चिपाड आणि मळी. मग हात पुसून लॅबमधून बाद झालेलं एखादं लांबोडकं रजिस्टर काढायचे आणि नंबर लिहायचे. वरच्या सिनेमाला खाली ढकलायचं असेल तर जुना आकडा पट्टीनं खोडत, म्हणजे तो वाचता आला पाहिजे.

रजिस्टरात सिनेमांची नावं नसायची. ‘पायरीवर बसून राहिलेली म्हातारी’, ‘छत्री उघडत नाही तो’, ‘विहिरीत उतरणारा पोरगा’, असं लिहिलेलं असे. पाहुण्यानं नाव विचारलं तर म्हणायचे, “नाव पाटीवर असतं. डोक्यात राहत न्हाई.” आणि खरंच, त्या एका ओळीवरून सिनेमा ओळखता आला नाही असं कॉलनीत क्वचितच झालं असेल.

डाव्या पानावर वर्तमानपत्रातली पुरस्कारांची कात्रणं चिकटवलेली. दिल्लीचे, मुंबईचे, परदेशातले, सगळे. उजव्या पानावर त्यांचा निकाल. पुरस्कार मिळालेला सिनेमा एक पूर्ण गाळप हंगाम गेल्यावर ते पुन्हा तपासत आणि कात्रणाशेजारी लाल शाईनं लिहीत, ‘उतारा पडला’. पुरस्कार देणाऱ्यांवर त्यांचा राग नव्हता, कीव होती. “दिवसाला चार-चार बघत्यात बिचारे आन् संध्याकाळी नंबर देत्यात. ताजा रस कुनाला गोड लागत न्हाई?” कधीतरी मात्र शेजारी ‘बरोबर’ असा शेरा पडायचा. त्या दिवशी ते रजिस्टर घेऊन आमच्याकडे चहाला यायचे आणि पुरस्कार आपल्यालाच मिळाल्यासारखे पाय पसरून बसायचे.

कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी क्लबच्या हॉलमध्ये त्यांचा निकाल लागे. पहिले दहा फक्त. अकराव्यापासून पुढचं ते जाहीर करत नसत, कुणी विचारलं तर एकट्याला सांगत. भेळ असायची, चहा असायचा, आणि फिटरपासून चीफ इंजिनिअरपर्यंत सगळे तावातावानं बोलायचे. माझा आवडता सिनेमा दहा वर्षांत एकदाही आला नाही, तेव्हा मी एक दिवस उठून रजिस्टरच मागितलं आणि मला तो एक्केचाळीस दिसला.

“तुमाला काय आठवतं त्यातलं?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, “गाणं,” आणि म्हणून दाखवलं. दोन्ही कडव्यांसकट. ते डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग म्हणाले, “आवाज चांगला हाय तुमचा. पर गाणं म्हंजी मळी, बाई. मळीला बी मोल हायच. पोत्यात मातर साखर भरायची आसती.”

मी आठ दिवस बोलले नाही. चतुर्थीला मोदकांचं ताट पाठवलं नाही. शेवटी त्यांची बायको, मंगलवहिनी, स्वतःच वाटी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “त्यांना नका देऊ, मला द्या.” पुढच्या वर्षी माझ्या समाधानासाठी भाऊंनी फेरतपासणी केली. त्रेचाळिसावा आला. मी विचारायलाच नको होतं.

हे सगळं हसण्यासारखं होतं, आणि आम्ही हसायचोही. पण त्या माणसात एक कडक जागा होती, आणि तिथं हसणं चालत नसे. ऊस तोडायला तयार झाला की नाही हे त्याचा नमुना लॅबमध्ये तपासून ठरतं, आणि त्यावर शेतकऱ्याचा तोडीचा नंबर लागतो. आपल्या किंवा नात्यातल्या माणसाच्या उसाचा नमुना आला की भाऊ टेबल सोडून बाहेर जात आणि दुसऱ्या केमिस्टला बसवत. असा लेखी नियम कुठेही नव्हता, त्यांनीच तो स्वतःला घालून घेतलेला. एका वर्षी त्यांच्या सख्ख्या धाकट्या भावाचा, एकनाथचा, नमुना आला. एकनाथला गव्हासाठी रान लवकर मोकळं हवं होतं. थोरला भाऊ लॅबमध्ये म्हणून तो निर्धास्त होता. भाऊ बाहेर जाऊन उभे राहिले. दुसऱ्यानं तपासलं, ऊस कच्चा निघाला, तोड शेवटी गेली आणि चैत्राच्या उन्हात ऊस वाळला. एकनाथनं कारखान्याच्या गेटवर चारचौघांत सांगितलं, “मला भाऊ न्हाई, आसं समजीन मी.” दोन वर्षं तो उंबऱ्यावर चढला नाही.

मी एकदा विचारलं, तुम्ही तपासलं असतं तर कमी-जास्त लिहिलं असतं का? ते म्हणाले, “खोटं लिहिलं नसतं. पर माझ्या डोळ्याला घरचा ऊस पिकलेलाच दिसनार. मंग मी बघूच कशाला?”

त्यांची मुलगी अस्मिता. एकुलती एक. चौथीत असल्यापासून रजिस्टराच्या पानांवर पट्टीनं रेघा मारायचं काम तिचं. घरात त्यांच्याशी वाद घालण्याची हिंमत तिचीच, आणि दोन वेळा तर तिनं त्यांना नंबर बदलायला लावला होता. त्यांच्यापाशी सिनेमा शिकली आणि मग पुण्याला जाऊन रीतसर शिकली. दहा-बारा वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली काढल्यावर तिनं स्वतःचा सिनेमा केला. ऊस तोडायला आलेली एक बाई आणि तिची नऊ वर्षांची पोर, एवढीच गोष्ट. त्याला मोठा पुरस्कार मिळाला. नगरच्या थिएटरात आठवडाभर रोज एक खेळ लागला. आम्ही कॉलनीतले दोन जीपा भरून गेलो, भाऊ, वहिनी होते, अस्मिताही होती.

तीन दिवसांनी क्लबमध्ये तिचा सत्कार झाला. शाल, नारळ, भाषणं. ती माइकसमोर उभी राहिली आणि हसत म्हणाली, “पुरस्कार छानच आहे. पण मला एकच निकाल हवा आहे. अप्पा, कितवा?”

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. भाऊ उभे राहिले. “घरचा ऊस मी तपासत न्हाई,” म्हणाले आणि खाली बसले.

लोकांना वाटलं विनोद केला. लोक हसले. तीही हसतच होती, पुढचं काहीतरी येईल म्हणून थांबली होती. ते आलं नाही. मी पहिल्या रांगेत होते. तिचं हसू चेहऱ्यावरून उतरताना मी बघितलं, आणि अजून ते आठवलं की मला भाऊंचा राग येतो.

आमची भिंत पातळ होती. घरी गेल्यावर ती म्हणत होती, “शेवटचा म्हणा. भिकार म्हणा. पण आकडा द्या अप्पा. रस्त्यावरच्या कुणाच्याही सिनेमाला तुम्ही देता.” दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं ती गेली. त्यानंतर फोन यायचा तो वहिनींना. आपला सिनेमा बापाला तपासण्याच्या लायकीचासुद्धा वाटला नाही, असं तिनं धरून घेतलं होतं. वहिनी कळवळून म्हणायच्या, “एक आकडा लिहायला काय जातंय ओ तुमचं?” भाऊंनी डाव्या पानावर तिच्या पुरस्काराचं कात्रण चिकटवलं होतं. उजवं पान कोरं होतं. दोन हंगाम ते तसंच राहिलं.

नोकरीच्या शेवटच्या हंगामात त्यांच्या किडनीचं दुखणं बळावलं. पायांवर सूज यायची, लॅबच्या पायऱ्या चढताना थांबायचे. अशातच एक दिवस मधल्या सुट्टीत ते शाळेत आले आणि माझ्यासमोरच्या बाकावर बसले.

“बाई, नमुना दुसरीकडून तपासून घेता येतो. नाव न सांगता.”

मला क्षणभर कळलं नाही, मग कळलं की ते अस्मिताच्या सिनेमाबद्दल बोलतायत. मी म्हटलं, पुण्यातल्या कुणा जाणकाराला दाखवू. त्यांनी मान हलवली. “त्यांनी नाव आधीच वाचलंय.” मग कुणाला? त्यांनी खिडकीतून बोट दाखवलं. कारखान्यापलीकडं माळावर पाथर्डीकडच्या ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या होत्या. हंगामाचे सहा महिने ती माणसं त्या पाचटाच्या झोपड्यांत राहतात.

साफसफाईसाठी कारखाना दिवसभर बंद असतो, त्या दिवशी तोडीला सुट्टी असते. दुपारी आम्ही शाळेचा मोठा वर्ग उघडला, खिडक्यांना घोंगड्या लावल्या. पंचवीसेक बाया आल्या, कडेवर पोरं घेऊन. भाऊंनी सुरुवातीची नावं वगळून सिनेमा लावला आणि शेवटची नावं यायच्या आत बंद करायला मला बजावलं. सिनेमा कुणाचा, हे कुणालाही सांगायचं नव्हतं. स्वतः मात्र आत बसले नाहीत. बाहेर पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर पाठमोरे बसून राहिले. आतून हसण्याचा आवाज आला तेव्हा त्यांनी मान वळवली, आणि लगेच पुन्हा फिरवली.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते दारात. “आता तुमी जाऊन इचारा. मी गेलो तर माझ्या तोंडावर दिसंल त्यांना.”

मी वही घेऊन उसाच्या फडात गेले. पाच बायांना विचारलं, परवाच्या सिनेमातलं काय आठवतं? पहिली म्हणाली, “दोरी!” आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली. मला समजेना. तिनं जवळची उसाची मोळी दाखवली. ती उसाच्या हिरव्या शेंड्यांनी, वाढ्यांनी, पीळ देऊन बांधलेली होती. “सिनिमातली बाई दोरीनं बांधत हुती. दोरी कोन आनून देतं वं आमाला फडात? मुकादम?” दुसरीलाही दोरीच आठवत होती. तिसरीचं पोर आजारी होतं, तिच्या मनात काहीच राहिलं नव्हतं. चौथीला त्यातली पोर आणि तिच्या कानातलं आठवत होतं.

पाचवी कासाबाई. साठीची असेल, पण कोयता हातात. ती काम न थांबवता बोलली.

“त्यात ती पोर रातीला आईच्या पायात घुसलेली उसाची बारीक कुसं काढती. आई झोपल्यावर. तेवढंच ध्यानात हाय.” मग म्हणाली, “माझ्या पोरीनं बी काढली हुती एकदा. मी जागी हुते. तशीच पडून ऱ्हायले डोळे मिटून. तिला सांगितलं न्हाई कधी.”

“का नाही सांगितलं?”

“काय की. ऱ्हाऊनच गेलं.” आणि तिनं पुढचा ऊस तोडला.

मी भाऊंना सगळं जसंच्या तसं वाचून दाखवलं. कासाबाईचं त्यांनी मला पुन्हा वाचायला लावलं. मग रजिस्टर घेऊन बसले. स्वतःच्या मनचं काही न घालता, बायांच्या डोक्यात जे उरलं तेवढंच धरून, त्यांनी ते एकेका नंबराशी ताडून बघितलं. दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी मला बोलावलं आणि पान दाखवलं. ओळ लिहिली होती, ‘झोपलेल्या आईच्या पायातली कुसं काढणारी पोर’. पुढे आकडा, अकरा.

मला संताप आला. “दहावा करा,” मी म्हटलं. “एका नंबरानं काय बिघडतंय? पोरगी दोन वर्षं वाट बघतेय.”

“दोघींला निस्ती दोरी आठवली बाई.”

“तरी करा.”

“मंग त्या दहाव्याला काय सांगू?” असं म्हणून त्यांनी रजिस्टर मिटलं.

तुम्ही दगड आहात, असं मी तोंडावर म्हणाले त्यांना. संध्याकाळी वहिनींच्या मोबाईलवरून त्यांनी अस्मिताला फोन लावला. तपासणी कशी केली ते सांगितलं, पाचही बायांचं सांगितलं, कासाबाईचं सांगितलं. शेवटी म्हणाले, “अकरावा. दोरीमुळं.” पलीकडून फोन बंद झाला. वहिनींनी त्या रात्री त्यांचं ताट वाढलं, पण जवळ बसल्या नाहीत.

पाचव्या दिवशी सकाळी अस्मिता एसटीनं उतरली आणि घरी न जाता सरळ शाळेत आली. “बाई, कासाबाई कुठं भेटतील?”

मी मुख्याध्यापकांना सांगून तिच्याबरोबर निघाले आणि जाताना वहिनींना फोन केला. त्या दिवशी मी भाऊंना बघितलं ते शेवटचं. दुसऱ्याच दिवशी अस्मिता त्यांना उपचारांसाठी पुण्याला घेऊन गेली. मी तेव्हा शाळेत परीक्षेवर होते. ते परत आले नाहीत. भाद्रपदात गेले, पुढचा हंगाम सुरू व्हायच्या आधी. रजिस्टरं अस्मिताकडे आहेत.

त्या दिवशी फडात कासाबाईनं तिला पोरीचं आणि कुसांचं पुन्हा सांगितलं. अस्मिता उभ्यानं ऐकत होती. मग म्हणाली, “मला मोळी बांधायला शिकवा.”

“तू कोन गं?”

“तो सिनेमा मी केलाय.”

कासाबाईनं तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. “मंग दोरी तूच आनलीस व्हय!” सगळा फड हसला, अस्मितासुद्धा. कासाबाईनं दोन वाढे घेतले, शेंडे जुळवून पीळ दिला, उसाखालून घालून आवळला आणि टोक आत खोचलं. अस्मितानं करून बघितलं. सुटलं. पुन्हा केलं, पुन्हा सुटलं.

तेवढ्यात बांधाशी रिक्षा थांबली. वहिनींनी भाऊंना धरून उतरवलं, रिक्षावाल्यानं खुर्ची ठेवली. वरची गुंडी लावलेली, पण बुटांत पाय जात नव्हते म्हणून पायात स्लीपर होत्या. दोन वर्षांनी बाप-लेक समोरासमोर येत होते. अस्मितानं तिसऱ्यांदा वाढे घेतले आणि मान खाली घालूनच म्हणाली, “अप्पा, अकरावा बरोबर आहे. शूटिंगला कुणालाच हे बांधता येईना. ऊन उतरत होतं. दोरी मीच मागवली.”

“मला बी दिसली न्हाई,” भाऊ म्हणाले. “चौतीस वर्षं कारखान्यात काढली, आन् चारदा बघून बी दोरी दिसली न्हाई.”

तिचे हात थांबले. “चारदा? आपण तर एकदाच गेलो होतो.”

भाऊ उसाकडे बघत राहिले. मी वहिनींकडे बघितलं, वहिनींनी माझ्याकडे. सिनेमा नगरला होता त्या आठवड्यात भाऊ तीनदा दुपारचे नगरलाच दाताच्या डॉक्टरकडे गेले होते. पुन्हा पुन्हा बोलावतो मेला डॉक्टर, म्हणून वहिनी चिडल्या होत्या आणि मी भाऊंसाठी मऊ खिचडी करून पाठवली होती.

अस्मिता उसातून बाहेर आली, बांधावर त्यांच्या खुर्चीपाशी खाली बसली आणि तिनं कपाळ त्यांच्या गुडघ्यावर टेकलं. भाऊंनी सुजलेला हात तिच्या पाठीवर ठेवला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

“दात लई दुखत हुता,” ते म्हणाले.